‘प्रत्येक राज्याची आवड’ दाखवणारे अमेरिकेचे नकाशे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अमेरिकेच्या प्रत्येक राज्याचा आवडता पदार्थ’ असा नकाशा दिसला, तर आधी काय पाहायचं?

तळाची बारीक अक्षरं. आकडे विक्रीचे आहेत, गूगलवरच्या शोधांचे आहेत, की ऑनलाइन सर्वेक्षणाचे? त्यानंतर ‘आवडता’ कशावरून ठरवला ते शोधा. ही दोन उत्तरं नकाशावरच लिहिलेली नसतील, तर तो करमणुकीपुरता ठेवावा. असे बरेच नकाशे कंपन्यांच्या जाहिरात विभागातून निघतात. पन्नास राज्यांत पन्नास वेगळे रंग दिसले की लोक ते शेअर करतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

माझ्या राज्यात कोणी कधी नावही न घेतलेला पदार्थ ‘नंबर एक’ कसा ठरतो?

कारण तो नंबर एक नसतोच. ‘सर्वात लोकप्रिय’ आणि ‘इतर राज्यांच्या तुलनेत सर्वात वेगळं’ ही दोन निराळी मापं आहेत आणि मथळा लिहिणारा हमखास त्यांची गल्लत करतो.

समजा, देशभरात ३० टक्के लोकांना व्हॅनिला आइस्क्रीम आवडतं आणि मॉन्टानात ३१ टक्क्यांना. हकलबेरी या रानफळाचा स्वाद देशात ०.२ टक्के लोकांचा आवडता आहे, मॉन्टानात १.२ टक्के लोकांचा. राज्यातल्या प्रमाणाला देशाच्या प्रमाणाने भागा. व्हॅनिलाचं उत्तर १.०३ येतं, हकलबेरीचं ६. या भागाकाराला स्थान-गुणांक म्हणतात आणि त्यानुसार नकाशावर मॉन्टानाच्या जागी हकलबेरी छापलं जातं. प्रत्यक्षात तिथले जवळपास ९९ टक्के लोक हकलबेरीला पहिली पसंती देत नाहीत.

सरळ लोकप्रियतेचा नकाशा काढला तर बहुतेक राज्यांत एकच उत्तर येतं, आणि तो कोणी शेअर करत नाही. खरी मेख इथे आहे. २०१४ मध्ये पॉल लामेअर यांनी राज्याराज्यांत वेगळे उठून दिसणारे गायक दाखवणारा नकाशा केला. त्यांनी पद्धत नीट सांगितली होती, तरी तो ‘राज्यांचे आवडते गायक’ म्हणूनच सगळीकडे फिरला.

हाच गुणांक गंभीर विषयालाही लावला गेला आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकात २०१५ मध्ये प्रत्येक राज्यातलं ‘सर्वात वेगळं’ मृत्यूचं कारण दाखवणारा नकाशा आला. त्यात २००१ ते २०१० या काळातले मृत्यू होते. फ्लोरिडाच्या जागी एचआयव्ही होता आणि त्यामागे सुमारे १५,००० मृत्यू होते. लुइझियानाच्या जागी सिफिलिस होता, मृत्यू फक्त २२. नकाशावर दोन्ही राज्यं तितक्याच ठसठशीतपणे रंगलेली. त्या लेखकांनी हा धोका स्वतःच नोंदवला होता, पण बातमी करताना ती ओळ गळते.

सोडा, पॉप आणि कोकचा नकाशा खरा आहे का?

बऱ्याच अंशी हो. या प्रकारातला हा सर्वात भरवशाचा नकाशा म्हणावा लागेल, कारण त्यामागे भाषाशास्त्रज्ञांनी विचारपूर्वक बनवलेली प्रश्नावली आहे. २००० च्या आसपास हार्वर्डमध्ये बर्ट व्हॉक्स यांनी १२२ प्रश्नांचं ऑनलाइन सर्वेक्षण केलं आणि तीस हजारांहून अधिक लोकांनी उत्तरं दिली. गोड, फसफसणाऱ्या थंड पेयाला एकूण काय म्हणता, हा त्यातला एक प्रश्न. ईशान्येकडची राज्यं आणि कॅलिफोर्निया ‘सोडा’ म्हणतात, मिडवेस्ट (म्हणजे देशाचा मध्य-उत्तर भाग) आणि वायव्येकडचा भाग ‘पॉप’. दक्षिणेत कुठल्याही कंपनीच्या पेयाला ‘कोक’ म्हणतात. कोका-कोलाचा जन्म १८८६ साली दक्षिणेतल्याच अटलांटाचा, हे इथे लक्षात ठेवावं. पॉपच्या मुलखात सेंट लुइस आणि मिलवॉकी ही दोन शहरं सोडावाल्या बेटांसारखी उभी आहेत. राज्यनिहाय नकाशात ती बेटं दिसतच नाहीत: मिझुरी आणि विस्कॉन्सिनला एकेकच रंग मिळतो आणि मजा तिथेच संपते.

२०१३ मध्ये जॉश कॅट्झ यांनी हीच उत्तरं घेऊन मऊसूत उतरत जाणाऱ्या रंगांचे नकाशे केले. नकाशावरच्या प्रत्येक ठिकाणासाठी आसपासच्या उत्तरदात्यांची सरासरी काढायची, जवळच्यांना जास्त वजन द्यायचं, अशी ती पद्धत. दिसायला देखणी, पण नेवाडाच्या वाळवंटात किंवा पश्चिम टेक्सासमध्ये उत्तर देणारेच विरळ. तिथला रंग दूरच्या माणसांकडून उसना आणलेला असतो. शिवाय सर्वेक्षण ऐच्छिक होतं. इंटरनेटवर येऊन १२२ प्रश्न सोडवणारा माणूस म्हणजे सरासरी माणूस नव्हे.

मग अशा आवडीनिवडी राज्यांच्या सीमेवर बदलत नाहीत?

क्वचितच. पश्चिमेकडच्या अनेक राज्यांच्या सीमा म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या सरळ रेषा, तिथे जिभेची चव एकाएकी बदलायचं काही कारण नाही. नॉर्थ कॅरोलिनाचं बार्बेक्यू घ्या. राज्याच्या पूर्वेला अख्खं डुक्कर भाजून त्यावर व्हिनेगर आणि मिरचीचं पातळ सॉस घालतात. पश्चिमेला लेक्सिंग्टन पद्धतीत खांद्याचं मांस आणि सॉसमध्ये थोडं केचप. या दोन बाजूंमधला वाद जुना आणि कडवा आहे. खाली साउथ कॅरोलिनाच्या मध्यभागात मोहरीचं पिवळं सॉस चालतं. ‘नॉर्थ कॅरोलिनाचं बार्बेक्यू’ असा एकच रंग भरणारा नकाशा दोन्ही बाजूंना सारखाच चुकीचा वाटणार.

कनेटिकटमध्ये बेसबॉलची निष्ठा राज्याच्या पोटातूनच दुभंगते: न्यूयॉर्ककडच्या नैर्ऋत्य भागात यांकीज, बॉस्टनकडच्या ईशान्य भागात रेड सॉक्स. लांबट पावाच्या सँडविचला फिलाडेल्फियात ‘होगी’, न्यूयॉर्कमध्ये ‘हीरो’ आणि न्यू इंग्लंडच्या (ईशान्य टोकाच्या राज्यांच्या) बऱ्याच भागात ‘ग्राइंडर’ म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक नळाला ‘बबलर’ म्हणणारे लोक पूर्व विस्कॉन्सिनमध्ये आहेत आणि मधली हजारभर मैलं ओलांडून ऱ्होड आयलंडमध्येही.

म्हणून काउंटी (राज्याच्या आतला, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा महानगर क्षेत्रानुसार आकडे मिळत असतील तर तेच घ्यावेत.

राज्याची सीमा खरोखर महत्त्वाची कधी असते?

कायदा आडवा येतो तेव्हा. पॉवरबॉल लॉटरी अलाबामा, अलास्का, हवाई, नेवाडा आणि युटामध्ये विकली जात नाही. लॉटरीच्या विक्रीचा नकाशा पाहून ‘नेवाडाच्या लोकांना जुगाराचं वावडं’ असं कोणी म्हटलं तर हसूच येईल, कारण लास व्हेगस नेवाडातच आहे. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने मनाई आहे, ती आवड नव्हे. दारू, फटाके आणि विक्रीकराच्या नकाशांतही रंग सीमारेषेवर कचकन बदलतो. सीमेलगतच्या दुकानांतली विक्री फुगते, कारण पलीकडचे लोक गाडी घेऊन खरेदीला येतात. विक्री दुकानाच्या पत्त्यावर मोजली आहे की गिऱ्हाइकाच्या, हे अशा वेळी विचारावंच.

दुसरं कारण मालवाहतुकीचं. कॅलिफोर्नियात १९४८ साली सुरू झालेली इन-एन-आउट ही बर्गरची साखळी आपल्या मांस-केंद्रांपासून फार दूर दुकानं काढत नाही. तिचा नकाशा लोकांच्या चवीपेक्षा ट्रकची मजल दाखवतो.

निवडणुकीच्या नकाशात सगळा देश लाल का दिसतो?

नकाशा जमीन रंगवतो आणि मत माणूस देतो, म्हणून. (लाल म्हणजे रिपब्लिकन पक्ष, निळा म्हणजे डेमोक्रॅटिक.) मॉन्टाना हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा मोठं, सुमारे ३.८ लाख चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत तिथले लोक १०,८४,२२५. ऱ्होड आयलंड हे जवळपास रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याएवढं राज्य, तिथे १०,९७,३७९ लोक, म्हणजे मॉन्टानापेक्षा जास्तच. नकाशावर एक डोळ्यांत भरतं आणि दुसरं शोधावं लागतं. त्याच जनगणनेत एकट्या लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटीहून अधिक माणसं होती, आणि ५० पैकी ४० राज्यांची लोकसंख्या त्याहून कमी होती.

एकरंगी राज्यं आणखी एक गोष्ट झाकतात. २०२० मध्ये डॉनल्ड ट्रम्प यांना सर्वात जास्त मतं कोणत्या राज्यातून पडली? टेक्सास नव्हे, कॅलिफोर्निया. तिथे ६०,०६,४२९ आणि टेक्सासमध्ये ५८,९०,३४७. नकाशावर कॅलिफोर्निया निळंशार.

लाल म्हणजे रिपब्लिकन ही खूणही काही सनातन नाही. १९८० मध्ये एनबीसी वाहिनीने रिपब्लिकन उमेदवार रेगन यांनी जिंकलेली राज्यं निळ्या रंगात दाखवली होती. २००० च्या निवडणुकीचा निकाल आठवडेच्या आठवडे लांबला आणि त्या काळात आजची रंगवाटणी रुळली.

उपाय तीन. लोकसंख्येच्या प्रमाणात आकार फुगवलेला नकाशा काढावा (गॅस्टनर आणि न्यूमन यांनी २००४ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी सर्रास वापरतात). प्रत्येक राज्याला सारखा चौकोन देणारा नकाशा काढावा, पण यात ऱ्होड आयलंड दिसतं तरी लोकसंख्येचा प्रश्न तसाच राहतो. किंवा काउंटीच्या मध्यावर मतांच्या संख्येएवढं वर्तुळ काढावं. आमचं मत वर्तुळाच्या बाजूने. फुगवलेल्या नकाशात भूगोल इतका वेडावाकडा होतो, की सवय नसलेल्या वाचकाला आपलं राज्यच सापडत नाही.

वायोमिंग, व्हरमाँट, अलास्का नेहमी पहिल्या नाही तर शेवटच्या क्रमांकावर का?

आकडे लहान, म्हणून चढउतार मोठे. हजार लोकांच्या देशव्यापी सर्वेक्षणात लोकसंख्येच्या हिशेबाने कॅलिफोर्नियाचे सुमारे ११९ जण येतात आणि वायोमिंगचे दोनसुद्धा नाहीत. सर्वेक्षण ५,००० जणांचं केलं तरी वायोमिंगचे नऊच. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण निदान शितं तरी हवीत! ५० जणांच्या नमुन्यात चुकीची मर्यादा अधिकउणे १४ टक्के असते, १०० जणांत सुमारे १०, ४०० जणांत ५ आणि १,००० जणांत ३. ही मोजदाद प्रत्येक राज्याला स्वतंत्र लागू होते. ‘एकूण २,००० जणांना विचारलं’ हे वाक्य ५० राज्यांच्या नकाशाखाली दिसलं, तर सरासरी राज्याच्या वाट्याला ४० जण आले असं समजावं.

याचा गाजलेला दाखला मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा आहे. सर्वात कमी प्रमाणाच्या काउंट्या नकाशावर मांडल्या, तर त्या बहुतेक ग्रामीण, विरळ वस्तीच्या निघतात. स्वच्छ हवा, ताजं अन्न, अशी कारणं लगेच सुचतात. मग सर्वात जास्त प्रमाणाच्या काउंट्या मांडल्या, तर त्याही ग्रामीण आणि विरळ वस्तीच्याच, कित्येकदा पहिल्यांच्या शेजारच्या. हजार वस्तीच्या काउंटीत एक रुग्ण सापडला की ती वर उडी मारते, एकही सापडला नाही की तळाला जाते.

गूगल ट्रेंड्सवरून स्वतः राज्यवार नकाशा काढायचा तर?

१. देश म्हणून अमेरिका निवडा आणि कालावधी किमान १२ महिन्यांचा ठेवा. सात दिवसांच्या आकड्यांत एखादी बातमी किंवा सामना सगळं पालटून टाकतो.
२. शब्द टाईप केल्यावर खाली पर्याय येतात. त्यातला नुसता ‘शोधशब्द’ न घेता ‘विषय’ घ्या. ‘क्रिकेट’ शोधलंत तर अमेरिकेत त्यात क्रिकेट वायरलेस ही मोबाइल कंपनीही येते आणि रातकिडाही. खेळाचा विषय निवडला तरच खेळाचे शोध मिळतात.
३. राज्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) उतरवून घ्या. महानगरांचा पर्याय असेल तर तीही घ्या.
४. तीच फाइल वेगवेगळ्या दिवशी पुन्हा उतरवा आणि सरासरी काढा. गूगल सगळे शोध न मोजता नमुना घेतं, त्यामुळे आकडे दरवेळी थोडे हलतात, आणि लहान राज्यांचे तर चांगलेच.

आकडा वाचताना घोटाळा होतो तो असा: १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत आणि शंभर टक्केही नव्हेत. त्या राज्यातल्या एकूण शोधांत या विषयाचा वाटा इतर कुठल्याही राज्यापेक्षा मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ. ४७ म्हणजे तो वाटा पहिल्या राज्याच्या ४७ टक्के. आणि शोधणं म्हणजे आवडणं नव्हे. रेसिपी तोच शोधतो ज्याला ती येत नाही.

श्रीमंत राज्य अमुक करतं, म्हणजे श्रीमंत माणूसही तेच करतो?

नाही. १९५० मध्ये डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवून दिलं. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती, सहसंबंध (उणे १ ते अधिक १ या पट्टीवर) उणे ०.५३. मात्र माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेले लोक किंचित जास्त निरक्षर होते, अधिक ०.१२. स्थलांतरित मुळात साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन वसले, म्हणून चित्र उलटं झालं. राज्याच्या नकाशावरून माणसाविषयी विधान करायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

नकाशातला पट्टा का तयार झाला, हे कसं शोधायचं?

त्याच जागेचे दुसरे नकाशे शेजारी ठेवून. याचं सर्वात सुंदर उदाहरण अलाबामातलं. हे राज्य राष्ट्राध्यक्षपदासाठी १९७६ नंतर कधीच डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलेलं नाही, म्हणजे राज्यवार नकाशात सपाट लाल. काउंटीवार नकाशा उघडा, मधोमध निळा पट्टा दिसतो आणि तो मिसिसिपी आणि जॉर्जियाकडे वळत जातो. आता त्याखाली लोकसंख्येचा नकाशा ठेवा: याच काउंट्यांत कृष्णवर्णीय नागरिक बहुसंख्य. त्याखाली एकोणिसाव्या शतकातला कापसाचा नकाशा: गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे इथेच दाटलेले. त्याखाली मातीचा: काळी, सुपीक जमीन. आणि सर्वात खाली भूगर्भाचा: क्रिटेशस काळात (डायनासोरांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यात) समुद्राचा किनारा इथे होता, उथळ पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या कवचांचा खडू तळाशी साचला आणि त्यातून ती माती झाली. राज्याच्या सीमेत अडकलेला नकाशा यातलं काहीच दाखवत नाही.

इथे सावधगिरीही हवी. दोन नकाशे जुळले म्हणजे कारण सापडलं असं नाही. अलाबामाच्या बाबतीत मधला प्रत्येक दुवा कागदपत्रांनी सिद्ध झालेला आहे.

क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नकाशा करताना काय हमखास बिघडतं?

जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर राज्यसीमांच्या फाइल तीन प्रमाणांत फुकट मिळतात. एका पानाच्या नकाशाला १:५०,००,००० ची पुरते. तिच्यात ५६ ओळी असतात: ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि राज्याचा दर्जा नसलेले पाच प्रदेश. नको असलेल्या आधीच गाळा.

पहिला घोळ राज्यांच्या क्रमांकांचा. अलाबामाचा सरकारी क्रमांक ०१ आहे. एक्सेल पुढचं शून्य खातं आणि जोडणी केल्यावर अलाबामा, अलास्का, अ‍ॅरिझोना, आर्कान्सा, कॅलिफोर्निया, कोलोराडो आणि कनेटिकट ही सात राज्यं कोरी राहतात. नेमकी हीच सात कोरी दिसली तर दुसरीकडे शोधू नका. फाइल उघडण्यापूर्वी त्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा.

दुसरा प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीचा. फाइल तशीच उघडली तर देश दाबून रुंद केल्यासारखा दिसतो आणि कॅनडाची सीमा पट्टीने ओढलेली. प्रकल्पाला ईपीएसजी ५०७० (प्रक्षेपणाचा सांकेतिक क्रमांक) द्या, हे अमेरिकेसाठीचं समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळाचं प्रमाण राखणारं, प्रक्षेपण आहे. अलास्कासाठी ईपीएसजी ३३३८ वेगळं वापरून कोपऱ्यात चौकट करा. अलास्काची अल्यूशियन बेटं १८० अंश रेखांश ओलांडत असल्यामुळे अलास्का ठेवून ‘पूर्ण नकाशा दाखवा’ म्हटलं, तर देश पार आक्रसतो.

तिसरा काउंट्यांचा. कनेटिकटच्या आठ काउंट्यांऐवजी २०२२ पासूनच्या आकडेवारीत नऊ नियोजन प्रदेश आहेत. साउथ डकोटातल्या शॅनन काउंटीचं नाव २०१५ मध्ये ओग्लाला लाकोटा झालं आणि क्रमांकही बदलला. आकडे आणि सीमा एकाच वर्षाच्या घ्या.

रंगांचे पाच गट पुरे. समान संख्येचे गट केले तर प्रत्येकात दहा राज्यं येतात आणि किरकोळ फरकही मोठा भासतो. समान अंतराचे केले तर एखादं टोकाचं राज्य वगळता बाकी सगळी एका रंगात कोंबली जातात. दोन्ही करून पाहा आणि कोणतं वापरलं ते लिहा. लाल-हिरवी जोडी टाळा, कित्येक पुरुषांना ती वेगळी दिसत नाही.

अमेरिकेत मराठी बोलणारे कुठल्या राज्यात किती, हा नकाशा काढता येईल का?

येईल, पण हाताशी लगेच येणाऱ्या तक्त्यावरून नाही. जनगणना विभागाचा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे घरात इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता ते विचारतो. त्याच्या तयार तक्त्यात गुजराती, हिंदी, बंगाली, पंजाबी यांना स्वतंत्र स्तंभ आहेत, मराठी मात्र ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ या एकाच गटात आहे. तो स्तंभ मराठीचा समजून रंगवलात, तर ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया उजळतील आणि त्यात मोठा वाटा भूतानमधून निर्वासित म्हणून आलेल्या नेपाळीभाषकांचा असेल.

त्यासाठी त्याच सर्वेक्षणाच्या व्यक्तिगत नोंदींची निनावी फाइल घ्या, तिच्यात मराठीला स्वतंत्र क्रमांक आहे. एका वर्षाची न घेता पाच वर्षांची एकत्रित फाइल घ्या. प्रत्येक नोंदीला दिलेलं वजन (ती नोंद किती माणसांच्या वतीने आहे तो आकडा) बेरजेत धरा, नुसत्या ओळी मोजू नका. या फाइलमधले विभाग किमान एक लाख लोकसंख्येचे असतात, त्यामुळे न्यू जर्सीसारख्या राज्याच्या आतलं चित्रही दिसतं. एका माणसामागे एकच भाषा नोंदलेली असते आणि घरात फक्त इंग्रजी बोलणारी मराठी घरची मुलं यात येत नाहीत, हे नकाशाखाली लिहा. आणि ज्या राज्यात मूळ नोंदी तीसहून कमी असतील, ते राज्य करडं सोडा.